पाणी मुरतं कुठं

हिउमा बेटाच्या दक्षिण टोकाला, फेरीच्या तिकीट-कचेरीत
सकाळी सव्वासातला कॉम्प्युटर म्हणाला: जागा नाही.
बोटीत होती. त्याच्या पोटात नव्हती.
विर्वेनं मला सारेमाहून बोलावलं,
म्हणजे तिच्याच बोटीनं, फुकट,
आणि मी पोचलो तेव्हा धक्क्यावर
सतरा गाड्या, लाकडं लादलेला एक ट्रॅक्टर,
आणि पिंजऱ्यात कलकलणारी कुणाची तरी बदकं.

तिकिटं ती हातानं लिहीत होती, कार्बन घालून.
मान वर न करता म्हणाली, "फोटो असतील. माझ्या नातीचे."
सगळे असंच म्हणतात,
आळ आधी घरच्यांवरच घेतात.
नातीचे फोटो निघाले एकोणचाळीस,
त्यातले अकरा विर्वेच्या अंगठ्याचे.

मग खाली उतरत गेलो.
फोल्डरात फोल्डर, त्यात "नवीन", त्यात "नवीन नवीन",
त्यात "हे पुसू नये. हेल्दुर."
हेल्दुर म्हणजे जुन्या धक्क्यावरचा तिकीटवाला.
त्यानं जिवापाड जपलेलं काय,
तर एक कालबाह्य वेळापत्रक
आणि मासे धुरावण्याचं प्रमाण: मीठ किती, अल्डरचं लाकूड किती तास.
दोन्ही मिळून एका अंगठ्याएवढीही जागा नाही.

बेरीज जुळेना.
डिस्क दोनशे छप्पन्नची, माझ्या हाती लागले जेमतेम साठ.
पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी नकाशा काढायला लावला, चौकोनांचा, रंगीत,
जो जेवढा खातो तेवढा मोठा.
पडदाभर एकच चौकोन आला, शेवाळी,
बाकीचे सगळे त्याच्या बांधावरची झुडपं.
डोंगर पोखरून उंदीर निघतो नेहमी,
इथं उंदराच्या बिळातून डोंगर.

एकशे नव्वद जीबीची एकच फाईल. शब्दांची.
उघडायला गेलं तर सगळंच गोठतं,
म्हणून नुसतं शेपूट ओढून पाहिलं:

प्रिंटर सापडला नाही. पुन्हा प्रयत्न करतो.
प्रिंटर सापडला नाही. पुन्हा प्रयत्न करतो.

दर सेकंदाला, खाली चार ओळींचा खुलासा जोडून,
सहा वर्षं.
नाताळात, वीज जाऊन आल्यावर,
समुद्र गोठून बोटी बंद होत्या तेव्हासुद्धा.

"कुठला प्रिंटर?" विर्वे हसली.
"तो हेल्दुरनं नेला, धक्का बंद झाला त्या दिवशी.
त्याच्या शेडात आहे. वर माशांची जाळी ठेवतो."

मग मी फाईलचं डोकं पाहिलं.
गरज नव्हती. सवय आहे.
सगळ्यात वर, तक्रारी सुरू व्हायच्या आधी,
एकच धड गेलेली ओळ:

छापलं. प्रौढ १, सायकल १, एकेरी. १८:०५.

मी मोठ्यानं वाचलं, गंमत म्हणून.
विर्वेचं पेन कार्बनवर थांबलं.
बाहेर बदकं.
"सायकल परत आली," ती म्हणाली.
आणि खिडकीतून हात काढून
ट्रॅक्टरवाल्याचे सुटे पैसे घेतले.

मी विचारलं नाही.
कॉम्प्युटरनं विचारलं:
हा प्रिंटर विसरायचा?
नुसती फाईल पुसून भागत नाही,
शोधणारा जागा राहिला तर परत भरतो.
मी हे तिला समजावणार होतो, सोप्या भाषेत.
ती आली, चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याकडं दुकानातला भाव वाचावा तसं पाहिलं
आणि स्वतःच "हो" दाबलं.

पुसायला चाळीस सेकंदही लागले नाहीत.
पंखा, जो सकाळपासून घरघरत होता,
त्याला काय करावं कळेना.

नवा प्रिंटर चरचरला. सतरा गाड्या चढल्या.
बदकवाल्याला भाड्यावरून वाद घालायचा होता,
पक्षी नगावर की पिंजऱ्यावर,
आणि विर्वे त्याच्याशी भांडली, मन लावून,
बोटीचा भोंगा दोनदा वाजेपर्यंत.