तिसाव्या अंकाला थेंब

कुपवाडच्या शेडमध्ये अण्णाप्पा मगदूमनं
लेथवर आटा कापून दिला.
"एका फेऱ्याला एक मिलिमीटर. चुकला तर परत आणा."

मोटर भंगारातल्या प्रिंटरची,
सिरिंज मेडिकलमधली, वीस मिलीची,
आत सांगलीचीच हळद, अल्कोहोलात विरघळलेली.

दट्ट्या सरकतोय, पण सरकताना दिसत नाही.
दिसतो तो फक्त नळीच्या टोकाशी
पिवळा थेंब:
जड होतो, लांबतो,
सुटतो.

बाबालालमामा स्टूल ओढून बसलेत.
अठ्ठावीस वर्षं ब्युरेटची चावी त्यांच्या बोटांत.
सर म्हणायचे, "बाबालाल, थेंबावर घे,"
आणि हे श्वास धरायचे.
आता निवृत्तीला चार महिने; अंगठा थरथरतो.

म्हटलं, "मामा, जा घरी. हे रात्रभर आपलं आपण चालतं."
"आणि लाइट गेली तर?"

अडीचला गेली.

मोबाइलच्या उजेडात
आट्याच्या टोकाला त्यांची बोटं,
ओठांत आकडे, अठ्ठावीस, एकोणतीस,
आणि थेंब.
थरथर आट्यातच कुठंतरी जिरत होती.

लाइट कधी आली कोण जाणे.
बटण दाबायचं
मी विसरले.