खालची ओळ

आधी अकरा शब्द होते.
मग सात. चहा पिऊन आल्यावर चार.
इलाहीभाई ब्लॉकसाठी चित्र न्यायला आला,
खांद्यावरून वाकून म्हणाला,
"मास्तर, म्हैस दिसतीया की. वर आन बोलाय कशाला पायजे?"
ओळ खोडली.
त्या खोडण्याइतकं चांगलं मला पुन्हा काही सुचलं नाही.

चित्र एवढंच: गंगावेशीतला दूधकट्टा, रात्रीचे दहा,
पेले धरून उभी माणसं,
रांगेत सगळ्यात शेवटी म्हैस,
तिच्याही हातात (पुढच्या पायात म्हणा) पेला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचा हिंदुराव
अंक काखेत मारून लक्ष्मीपुरीचा जिना चढून आला.
हसला नव्हता.
"शिंग चुकलंय," म्हणाला,
"आमच्या म्हशीचं असं वर न्हाई वळत,
पार खांद्यापतोर मागं जातंय."
मी शिंग दुरुस्त करून दिलं.
तेव्हा हसला.

म्हणजे विनोद शिंगात होता?
एक थाप पचवायची तर बाकी सगळं खरं लागतं,
किटलीचा पोचा, कापशीच्या चपलेचा अंगठा,
उधारीच्या वहीला बांधलेली सुतळीसुद्धा.

नवी पोरं विचारतात, सुचतं कसं.
सांगतो, घसरलेला माणूस काढू नका.
साल काढा,
आणि लांबून, पतंगाकडं बघत येणारा माणूस.
मधली चार पावलं वाचकाची.
पाडतो तो,
आणि निर्दय म्हणून पत्र मला येतं.

थोरला गेला त्या दिवशीही पाचला चित्र द्यायचं होतं.
पंचगंगेवरून तसाच आलो, धोतर ओलं.
काढलं: अख्ख्या पेठेला आस्मान दाखवलेला पैलवान
तालमीच्या पायरीवर
सुईत दोरा ओवत बसलाय, जीभ बाहेर.
थोरला असाच ओवायचा. माझी बटणं.
कुणीतरी कळवलं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.
त्यात दुरुस्त करण्यासारखं
मला काही दिसलं नाही.

हिंदुरावाचा नातू आता कट्टा चालवतो.
चित्र अजून खिळ्याला आहे, कागद पिवळा,
ओल आलेली डाव्या कोपऱ्यात,
म्हैस जवळजवळ गेलीच.
परवा एक पोरगं पेला तोंडाला लावता लावता
वर बघून एकटंच फिस्सकन हसलं.
"काय दिसलं रं?"
ओठावरचा फेस पुसत म्हणालं,
"काय न्हाई.
शेवटी कोण हुबारलंय, त्येच बघतूय."