खोकला

लेइडा ऊइबोच्या फिती माझ्या टेबलावर आल्या
तेव्हा त्यांना व्हिनेगरचा वास येत होता.
सात डबे, गंजलेले. एकावर जांभळ्या शाईत:
फेब्रुवारी एकोणपन्नास, टालिन रेडिओ.
व्हायोलिन: ऊइबो. पियानो:
पुढचं नाव ब्लेडनं खरवडलेलं,
पुठ्ठ्याला तिथे लव आलेली.

फीत लावली.
बावीस वर्षांची मुलगी,
आधी गज आखडता, अंगातला कोट न काढता वाजवावं तसा,
आणि मग, शेजारणीशी भांडता भांडता
एखादी बाई खरं बोलून जाते ना,
तसा तो सूर.
मी चहा प्यायचा विसरलो.

संथ भाग संपला. तिसरा सुरू होण्याआधी
कुणीतरी खोकलं. पुरुष. कोरडं, दोनदा.
मी ते पुसलं.
करकर, घरघर, हीटरची ठकठक, सगळंच पुसलं;
पुसण्याचाच पगार मिळतो मला.

मग तबकडी निघाली. हेलसिंकीहून पत्रं, ओसाकाहून पत्रं.
कोणी लिहिलं, दोन भागांमधली ती शांतता
शतकातली सर्वात शुद्ध शांतता आहे.
विल्यांडीच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं
पोरांचे अंगठे सैल करत बसलेली ही बाई,
गल्लीत जिची ख्याती काकड्यांच्या लोणच्यापुरती,
अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सभागृह तिच्यासाठी उभं राहिलं.
ती मला म्हणाली, वरातीमागून घोडं.
पण घोडं देखणं आहे हो.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आली.
ऐकवा म्हणाली.
डोळे मिटून ऐकत होती. ही मुलगी घाई करते, म्हणाली.
संथ भाग संपला
आणि तिनं बोट वर केलं,
थांब, आता येईल, असं मुलाला सांगावं तसं.
काही आलं नाही.
तिसरा भाग सुरू झाला.
बोट तसंच हवेत.

इथे हेल्दुर खोकला, ती म्हणाली.
इथे. दोनदा.

मी म्हटलं, पियानो आहे ना त्यांचा, सगळा आहे.
पियानो सगळ्यांसाठी होता, म्हणाली.
माझ्या गजाची राळ उडायची, त्याच्या घशात जायची.
तो खोकला माझा होता.
मार्चमध्ये नेलं त्याला. गाडीपर्यंतही
जाऊ दिलं नाही मला कोणी.

मूळ नक्कल शोधायला मला वीस मिनिटं लागली.
तेवढा वेळ ती कोट न काढता बसली.
मग ऐकवलं. अजून एकदा, म्हणाली.
अकरा वेळा लावलं असेल;
एकदाही व्हायोलिनपर्यंत जाऊ दिलं नाही तिनं.

जाताना कालचा पुष्पगुच्छ माझ्या खुर्चीवर राहिला.
मी हाक मारली, तिनं हात हलवला, म्हणजे असू दे.

दुसऱ्या आवृत्तीबद्दल तक्रारी येतात.
चौदा मिनिटं नऊ सेकंदांवर दोष आहे, लोक लिहितात.
मी उत्तर देतो: होय.