तीन गाड्या

पहाटे मोहाडीच्या पॅकहाउसबाहेर
तीन रीफर गाड्या,
द्राक्षं एकीपुरतीच.
मला नाशिकहून उठवून आणलेलं.

एजंटने रात्रीत तीनदा गाडी मागवली,
कारण माझं टूल पहिल्यांदा
नुसतंच म्हणालं होतं: एरर ५०४.
त्याला काय कळणार,
निरोप पोचला की वाटेतच मेला?
त्याने आपलं पुन्हा दार वाजवलं.

मी बोनेटवर लॅपटॉप उघडला.
प्रत्येक मागणीला पावतीचा नंबर:
तोच नंबर आला, तर तीच गाडी.
आणि एररच्या जागी लिहिलं
माणसाला लिहावं तसं,
'गाडी सांगून झाली आहे.
पिंपळगावचा टोलनाका ओलांडलाय तिनं.
परत मागवू नकोस. थांब.'

तिसऱ्या गाडीचे कडलग
चहाचा कप घेऊन वाकले, वाचलं,
म्हणाले, एवढं मला कळवलं असतं
तरी चाललं असतं.