पोच

सेलूच्या कॉलेजात, खिडकी नंबर दोन.
मुलाचे मामा आलते म्हणे.
आबनावे भाऊसाहेबांनी चहा मागवला
आणि माझी फाईल उघडून दिली.

दुसऱ्या वर्षी गेलेलं अकाउंट्स,
तेहतीस दिवसांची आजारपणाची रजा,
डॉक्टरच्या चिठ्ठीवरलं औषधाचं नाव,
जे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

"आपलेच पाहुणे व्हते, ताई.
मार्कच तर बघितले की."

मी अर्ज लिहिला :
कुणी बघितलं, कुठल्या तारखेला,
कुणाला विचारून.
पोच मागितली.

त्यांनी पेनचं टोपण शोधलं,
बराच वेळ.
मग शिक्का. जरासा तिरपा.

सोयरीक मोडली का राहिली,
अजून निरोप नाही.
पोचपावती तेवढी
मी घरात कुणाला दाखवलेली नाही.