यादी, उणे एकतीस अंशांत

नमनालाच चौदा लिटर तेल पितो हा ट्रक,
मग खोकतो, मग विचार करतो,
मग सुरू होतो. झालाच तर.
रात्रभर ब्लॉक हीटरची वायर भिंतीत खोचून ठेवलेली,
आजाऱ्याला सलाईन लावावं तशी.

फिल्टरचं रिकामं खोकं उसवलं
आणि आतल्या करड्या बाजूवर
सुतारी पेन्सिलीने लिहायला बसले.
पेन इथे चालत नाही, शाई थिजते.

इंधनाचा फिल्टर.
पाण्याचा पंप: थेंब पडतो, रोज नाही,
पाहुणे आले की हमखास.
बॉल जॉइंट, पुढचा डावा,
वळणावर कुरकुरतो चर्चच्या मागच्या बाकासारखा.
मडगार्डचा गंज: हे पुढच्या वर्षी.
(गेल्या वर्षीच्या पुठ्ठ्यावरही हेच लिहिलंय.)

ड्वेन म्हणतो, आता उघडतेच आहेस तर
टर्बो मोठा घाल, चार इंची सायलेन्सर घाल,
चिप बसव, शंभर घोडे वाढतील.
ड्वेन, माझ्याकडे घोडे आहेत. दोन.
दोन्ही म्हातारे, आणि दोघांनाही
हाच ट्रक गवत आणून घालतो.

ग्लो प्लगपाशी मात्र घोडं पेंड खातं.
सिलिंडर आठ, प्लग आठ, हिशेब सोपा,
पण बॉनेटच्या आतल्या अंगाला
आधीच्या मालकाचा, ओरेस्ट ह्नाट्यूकचा, पांढरा रंगखडू:
ऑक्टोबर नऊ, तेल.
मार्च अकरा, पट्टा.
जून अकरा, पुन्हा पट्टा. (पुढे एक शिवी, युक्रेनियनमध्ये.)
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
आठ नंबर नको.

तीन हिवाळे मी त्या आठला हात लावला नाही.
आटे गेले असतील. प्लग आत तुटला असेल.
बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची.
या वेळी प्लगही सातच मागवले,
शेल्फवर ओळीने मांडून ठेवलेत.

शेवटी आज फोन केला, यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात.
नर्स म्हणाली, बिंगो चालू आहे.
म्हटलं, ट्रकबद्दल आहे म्हणून सांगा.
आला.

"मार्लिस? आधी फोन इंजिनवर धर."
धरला. हातमोज्यातून बोटं बधिर होईस्तोवर धरला.
"रेस दे."
दिली.
"तिसरा इंजेक्टर कुरकुर करतोय. करू दे,
माझ्याकडेही करायचा. आता पुन्हा दे."
दिली.
"पुन्हा."
"ओरेस्ट, आणखी काय ऐकू येतंय?"
"काही नाही," तो म्हणाला. "दे."

मग विचारलं, आठ नंबर का नको?
पलीकडे कुणीतरी बिंगो ओरडलं,
खुर्च्या सरकल्या.
"कुठला आठ?"
बॉनेटवर लिहिलंयस. दोन रेघा मारून.
"अगं, तो रस्ता! आठ नंबरचा रस्ता!
खड्डे नुसते. दोन बॉल जॉइंट खाल्ले त्याने माझे,
आणि अंड्यांचा एक अख्खा ट्रे.
तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही.
पाना लावला. इंजिन गरम होतंच.
आठवा प्लग अर्ध्या वळशात सुटला,
लोण्यातून सुरी निघावी तसा,
टोकाला काजळी, तीन हिवाळ्यांची माझी.

आता पुठ्ठ्यावर खाडाखोड:
सात खोडून आठ.
शेल्फवर सातच आहेत. आठवा आणायचा तर
दुकान नव्वद किलोमीटरवर,
आणि तिथे जायला रस्ता एकच.

म्हणून बॉल जॉइंट वर घेतला, पहिल्या नंबरला,
पंप दुसऱ्या,
आणि मडगार्डचा गंज
नीट अक्षरात, पुढच्या वर्षी.
अंडी नेणार नाही.