वीस तेत्री

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
वीस तेत्री टाकल्याशिवाय ती हलत नाही,
कुतायसीतल्या जुन्या इमारतींची ही रीतच.
मी दवाखान्यातून आलो त्या दिवशी
आईनं लोणच्याची बरणी घासली, उन्हात वाळवली
आणि सगळ्या मजल्यांवरून सुटे गोळा करून
गळ्यापर्यंत भरली.
"सहा महिने जिना बंद," ती सांगत होती,
जवळजवळ अभिमानानं.

पडलो कसा, ते सांगण्यासारखं नाही.
वीस वर्षं स्टेजवर उंच उडून
गुडघ्यांवर उतरलो, हसत,
केसाळ टोपी जागची हलली नाही.
आणि तालमीनंतर, घरी जायच्या रबरी बुटांत,
एका पोराला गिरकी दाखवायला वळलो.
बूट फरशीला धरून राहिला, मी वळलो.
आत कुणीतरी अक्रोड फोडला.

मांडीमागची एक कंडरा काढून
त्यांनी गुडघ्यात ओवली.
"उसनवारी," डॉक्टर गोचा म्हणाले,
"पण तुमचीच, तुमच्याकडून."

मग मी मांडीला सांगितलं: आवळ.
मांडी ऐकेना.
भाषा न कळणारा पाहुणा
नुसता गोड हसत बसतो,
तशी पडून राहिली माझीच मांडी
माझ्याच पलंगावर.

गुडघे म्हणे शेवटी पोटाकडेच वळतात.
माझा वळेना.
टाचेखाली प्लास्टिकची पिशवी, सरकायला बरं म्हणून,
आणि एतेरी कोनमापक लावून
भाजीवालीच्या सुरात वजन सांगायची:
एकसष्ट.
एकसष्ट.
चौसष्ट.
नव्वद झाले त्या दिवशी आई रडली.
मी ओकलो.

उतावळेपणाचं म्हणाल तर
गुडघ्याला बाशिंग माझ्यासारखं कुणी बांधलं नसेल,
काळं, चार पट्ट्यांचं, बिजागरीचं,
झोपेतही न सोडायचं.
नवव्या आठवड्यात दार लावून मी
चोरून एक पाऊल नाचलो. एकच.
दुसऱ्या दिवशी एतेरीनं सूज पाहिली,
बोलली नाही,
बर्फाची पिशवी फक्त जरा जोरात ठेवली.

मंडळी पोलंडला गेली.
माझ्या जागी वाझिको.
माझा अंगरखा त्याला खांद्यात सैल होत होता,
तो आईनं आत घेऊन दिला.
मला सांगितलं नाही.
तिच्या चष्म्याच्या काडीला काळा दोरा होता.
वाझिको गुडघ्यांवर उतरतो ती जागा
मी व्हिडिओत तीनदा पाहिली.
चांगला उतरतो.
किंचित उशिरा.

जिन्याचा नियम एतेरीचा:
"चांगला पाय स्वर्गात, वाईट नरकात.
चढताना चांगला आधी, उतरताना वाईट.
राहील लक्षात?"
राहिलं. स्वप्नातही तसाच चढायचो.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली.
लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये,
आत लामाराबाई, काखेत पाव,
वीस तेत्री बुडाले म्हणून ओरडताहेत.
मी सातव्यावरून उतरलो, अंधारात,
फटीतून त्यांना धीर दिला,
खाली मेकॅनिकला हाक मारायला गेलो,
वर आलो सांगायला, की येतोय तो,
जेवतोय, पण येतोय,
पुन्हा खाली.
बाहेर आल्यावर चुरगळलेला पाव झटकत
त्या म्हणाल्या,
"कुठला रे तुझा आजारी पाय?"

मला चटकन सांगता येईना.

रात्री त्यानंच सांगितलं,
पावाएवढा सुजून.

बरणीत अजून अर्धी नाणी आहेत.
कुणाची किती, आता कुणाला आठवतंय?
बाजारात जोंजोली आली आहे,
आणि आई कालपासून विचारतेय,
बरणी रिकामी करून देतोस का.